तायडे सिस्टरचा आवाज

आमच्या मशीनच्या खोलीच्या भिंती एक माणूस आडवा झोपेल एवढ्या जाड आहेत. आतले किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून नियमाप्रमाणे त्या तशाच बांधाव्या लागतात. बांधून झाल्यावर मुंबईहून साहेब लोक येतात, हातातलं यंत्र भिंतीपाशी फिरवतात आणि कुठून काही झिरपत नाही असा दाखला देऊन जातात. बाहेरून आत काय येतं, ते मात्र त्यांनी तपासलं नाही. बाहेरून आत तायडे सिस्टरचा आवाज यायचा.

"ताप आला तर काय करायचं?"

मग कुणाचा तरी घाबरलेला, बारीक आवाज काहीतरी पुटपुटायचा.

"मोठ्यानं सांगा! इथं बारसं नाहीये."

"गाडी करायची."

"आणि गोळी?"

"गोळी नही द्यायची."

"पुन्हा!"

"गोळी नाही, गाडी!"

हे रोज, जाणाऱ्या प्रत्येक पेशंटबरोबर चालायचं. मी आत टेबलावर झोपलेल्या बाईला सांगत असायचो की अजिबात हलू नका, शांत पडून राहा, आणि बाहेरून ही आरोळी आली की ती बाई दचकायची. माझी चिडचिड व्हायची. आवाज कमी करा म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

मी मूळचा जळगावचा. धुळ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटना शेक देणाऱ्या मशीनवर टेक्निशियन आहे. शेक हा पेशंटांचा शब्द. आम्हीही आता तोच वापरतो. माझ्या खोलीला लागून डे-केअर आहे. तिथे आरामखुर्चीत बसून लोक केमोची सलाईन घेतात आणि संध्याकाळी घरी जातात. ऑपरेशनची माणसं वरच्या मजल्यावर असतात. आमच्याकडे येतात ती ज्यांचं ऑपरेशन होण्यासारखं नाही किंवा ज्यांना त्याची गरज नाही अशी. म्हणजे औषध आमच्याकडे टोचायचं आणि त्याचा सगळा त्रास घरी व्हायचा. उलट्या घरी, तोंड येणं घरी, जुलाब घरी आणि ताप घरी. तायडे सिस्टरचा राग मुळात ह्यावर होता.

"वरच्या वॉर्डातला पेशंट सिस्टरच्या हातात असतो," त्या म्हणायच्या, "माझा पेशंट संध्याकाळी उठून जाऊबाईच्या हातात जातो."

दिसायला सिस्टर काही भीतीदायक नव्हत्या. बुटक्या, गोल, कपाळावर कायम घाम. साडीच्या काळापासून नोकरीला असल्यामुळे नंतर आलेला पँटचा युनिफॉर्म त्यांनी कधी मनापासून स्वीकारला नाही. वर एप्रन घालून तो झाकून टाकायच्या. गाव वरणगाव. वडील तिथल्या फॅक्टरीत कामाला होते, नवरा एसटीत कंट्रोलर, दोन्ही मुली शिकून मार्गी लागलेल्या. एवढं रागावणाऱ्या माणसाच्या पाठीमागे एखादं जुनं दुःख असेल असं लोकांना वाटतं, आणि दवाखान्यातल्या लोकांनी त्यांच्याबद्दल दोन-तीन दुःखं तयारही केली होती. मी चौकशी केली. तसं काही नव्हतं. सिस्टर चिडायच्या कारण त्यांना राग यायचा, आणि राग येण्यासारखं रोज काहीतरी घडायचं.

आता पाण्याचंच घ्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला पोटाच्या खालच्या भागावर शेक देतात. त्या वेळी मूत्राशय भरलेलं असावं लागतं, म्हणजे आतडं वर सरकतं आणि भाजण्यापासून वाचतं. म्हणून बायांनी आधी पोटभर पाणी पिऊन, लघवीला न जाता बाकावर बसून राहायचं. धुळ्याच्या उन्हातून आलेली बाई पाणी पिते, पण मोकळं होऊन आल्याशिवाय टेबलावर चढणं तिला असभ्य वाटतं. दवाखान्यात, परपुरुषासमोर झोपायचं आणि लघवी लागलेली! नंबर आला की त्या गुपचूप संडासाकडे सटकायच्या. मग सिस्टर संडासाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

"कुठं निघाल्या अक्का? बसा खाली. मुतायले नाही जायचं!"

सगळ्या व्हरांड्यात ऐकू जायचं. बाया पदरात तोंड लपवायच्या, पुरुष मोबाईलमध्ये बघायचे. पण त्या अशा उभ्या राहायला लागल्यावर पहिल्याच पंधरवड्यात जुलाबाचे पेशंट कमी आले, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "तेच हळू आवाजात नाही का सांगता येत?" सिस्टर म्हणाल्या, "हळू सांगितलं होतं. हळू सांगितलं तेव्हा ती 'हो' म्हणाली आणि जाऊन आली."

शेक घेणाऱ्या बायांच्या कमरेवर परकराची नाडी काचते आणि तिथली कातडी सोलवटून निघते. म्हणून सिस्टर त्यांना गाऊन घालायला लावायच्या. आयुष्यभर लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्यांना गाऊनमध्ये व्हरांड्यात बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. सिस्टरकडे गाऊनचं एक गाठोडंच होतं, स्वतःच्या मुलींचे, शेजारणींचे, कुठून कुठून गोळा केलेले. फुलाफुलांचे, जिराफांचे, एकावर तर टेडी बेअर होतं. ते घालून बाया डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन बाकावर ओळीनं बसायच्या. नवीन माणसाला हसू यावं असा तो देखावा होता. मलाही सुरुवातीला यायचं.

डबे तर त्या स्वतः उघडून बघत. "तोंड आलंय आणि ठेचा आणला? भरतात मिरच्या किती घातल्या?" दुसरीकडे ज्याला खायला हवं त्याला घरच्यांनी पथ्यावर ठेवलेलं असायचं. केळं थंड, दही थंड, दूध कफ करतं, शेंगदाणे पित्ताचे. "केळ्यांच्या मुलखात राहता आणि आजारी माणसाला केळं देत नाही!" सिस्टर ओरडायच्या. "मग त्यानं काय दगड खायचे?" घरचे मान डोलावायचे. बाहेर गेल्यावर एकमेकांना म्हणायचे, सिस्टर चांगली शे, पण तिले आयुर्वेदनं समजत नही. हे माझ्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणायचे, त्यामुळे मला ऐकू यायचं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तेच कळायचं नाही.

एकदा दोंडाईच्याकडून एका पेशंटच्या समाचाराला जीप भरून माणसं आली. आपल्याकडे कुणी मोठ्या दुखण्यानं आजारी पडलं की भाऊबंद, सोयरे, व्याही असं सगळं गणगोत भेटून जातं. जो जात नाही त्याच्या घरी पुढे कुणी जात नाही. पेशंट पस्तिशीतला शिक्षक, रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधानं तळाला गेलेल्या. अशा माणसाला साध्या सर्दीनंही धोका असतो. सिस्टर दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कोणी आत जायचं नाही. कायले आनले एवढे लोक?"

रागावल्या की सिस्टरच्या तोंडी वरणगाव यायचं.

जीपमधले सर्वांत वडीलधारे, ज्यांना सगळे आबा म्हणत होते, ते पुढे आले. "आम्हीन काय मयतले उनूत का सिस्टर? पोऱ्याले दखाले उनूत."

"आत गेले तर मयतीलेच याल पुन्हा!"

आता हे असं बोलायचं असतं का? आबांचं तोंड लाल झालं. एक जावई शर्टाच्या बाह्या वर करायला लागला. मी मशीन सोडून मध्ये पडलो, हात जोडले, पाणी मागवलं, आबांना खुर्ची दिली. मी आबांची समजूत घालतोय तोवर सिस्टरनी त्या सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि शाळेत करतात तशी प्रत्येकाची चौकशी केली, कुणाला खोकला आहे, कुणाचं नाक वाहतंय, कुणाच्या घरात पोराला ताप आहे. जावयाचं नाक वाहत होतं. त्याला थेट जीपमध्ये बसवलं. शेवटी आबांना एकट्याला हात धुवून, तोंडाला मास्क बांधून काचेपलीकडून भेटू दिलं. आबांनी काचेवर हात ठेवला, पलीकडून त्या शिक्षकानं ठेवला. परत जाताना आबा मला म्हणाले, "भाऊ, हाई बाईले तुम्ही पगार देतस?" मी म्हटलं, ट्रस्ट देतो.

सोनाबाई आमच्याकडे आल्या त्या वर्षी उन्हाळा फार होता. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, वय पंचावन्नच्या आसपास. रोज शेक आणि आठवड्यातून एक दिवस केमो, असं पाच-साडेपाच आठवड्यांचं काम. आजार आटोक्यातला होता. डॉक्टरांनी घरच्यांना स्वच्छ सांगितलं होतं की मध्ये न सोडता पूर्ण केलं तर ही बाई बरी होईल. असं वाक्य डॉक्टर रोज बोलत नाहीत. सिस्टरनी ते ऐकलं आणि सोनाबाईंचा पिच्छाच धरला. जिथे काही होण्यासारखं नसतं तिथे माणूस हात टेकतो. इथे होण्यासारखं होतं, म्हणून सिस्टर त्यांच्यावर इतर कुणाहून जास्त ओरडायच्या.

सोनाबाईही तसल्याच होत्या. जिराफांचा गाऊन त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारला आणि दुसऱ्या दिवशी घातला. बाकावरच्या बायांना सांगायच्या, "ही सिस्टर माले सुखे मरू बी देवाव नही." सिस्टर पलीकडून म्हणायच्या, "मरायचं असलं तर सुट्टीच्या दिवशी मरा, माझ्या ड्युटीत नाही." दोघींचं ते रोजचं भांडण ऐकायला बाया लवकर येऊन बसायच्या. देवपूरला भाचीकडे त्यांनी मुक्काम केला होता. दवाखान्यापासून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं.

मध्येच अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. अखाजी खानदेशात काय चीज आहे हे खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. लग्न झालेली प्रत्येक पोर माहेरी येते. झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, पुरणपोळी आणि आमरस. सोनाबाईंची मुलगी मंगल सुरतेहून येणार होती. सोनाबाईंनी डॉक्टरांकडून जेमतेम एका दिवसाची रजा मिळवली, तीही सिस्टरना न विचारता. सिस्टरना कळलं तेव्हा सोनाबाई शिरपूरच्या बसमध्ये बसल्या होत्या. एका दिवसाचे चार झाले.

आल्या तेव्हा बरोबर मंगल होती. माझ्याकडे टेबलावर झोपवून मी गाऊन वर केला आणि बघतच राहिलो.

शेक नेमका जिथे द्यायचा तिथेच पडावा म्हणून पोटावर आणि दोन्ही कुशींवर आम्ही शाईनं फुल्या काढतो. त्या फुल्यांवर मशीनचा लाल किरण जुळवायचा. त्या पुसायच्या नाहीत, तिथे तेल, साबण, हळद काही लावायचं नाही. सोनाबाईंच्या पोटावर फुली होती, पण आमच्या जांभळ्या शाईची नव्हती. मेंदीची होती. गडद, ठसठशीत, रेघा अगदी सरळ, आणि सवय म्हणा की हौस, चारी टोकांना बारीक ठिपके. कुशींवरही तशाच दोन. आमच्या जागेपासून कुठे बोटभर, कुठे दोन बोटं सरकलेल्या.

मी मशीन चालू केलं नाही. मंगलला आत बोलावलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "अखाजीनी आंघोय करताना पुसाई गयं ना ते भाऊ. आई म्हने, आते सिस्टर माले खाई टाकी. मंग मी मेंदीनं काढी दिनं. मेंदी लवकर जात नही ना."

घाबरून केलं होतं सगळं. मन लावून केलं होतं आणि तितकंच चुकीचं. बरं झालं, रंगावरून लक्षात आलं. शाई वापरली असती तर मी त्याच फुल्यांवर शेक देऊन मोकळा झालो असतो. आता सगळं मोजमाप पुन्हा करायचं, डॉक्टरांची वेळ घ्यायची, पुन्हा फुल्या काढायच्या. आधीचे चार आणि आता आणखी दोन दिवस गेले. असे दिवस गेले की आतला आजार पुन्हा डोकं वर काढतो.

सिस्टर आल्या. त्या दिवशीचा आवाज मात्र मी कधी विसरणार नाही.

"पाच आठवडे! पाच आठवडे धीर धरवत नाही तुम्हाला? सण दरवर्षी येतो, आई दरवर्षी येते का? पुसलं तर पुसलं म्हणून सांगायचं! शिव्या देईन, जीव नाही घेणार! जीव तुम्ही घेताय!"

मंगल हमसून रडत होती. सोनाबाई गाऊनमध्ये उभ्या, टॉवेलचा पदर ओढून. आणि बाकावर बसलेल्या दुसऱ्याच एका पेशंटचा भाचा मोबाईल धरून उभा होता.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ धुळ्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. 'गरीब पेशंटवर नर्सची दादागिरी.' फुल्या, मेंदी, शेक, कशाचा त्यात पत्ता नव्हता. नुसती एक बुटकी बाई ओरडताना आणि एक पोर रडताना. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी इथे सांगत नाही. मला एवढा संताप आला होता की मी चार ठिकाणी उत्तरं लिहिली आणि तीन ठिकाणाहून मला काढून टाकलं. सोनाबाईंना कुणीतरी व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "आमनी सिस्टर शे. आमले वरडस. तुमले काय?" पण त्यांचं म्हणणं कोण रेकॉर्ड करणार?

सुपरिंटेंडंट साहेबांनी सिस्टरना बोलावलं. पुन्हा आवाज चढला तर डे-केअरमधून काढून स्टोअरला टाकू, असं सांगितलं. मग नाशिकहून एक मुलगी आली. तिनं सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बसवून हसत बोलायचं कसं ते शिकवलं. 'ताप आला तर गोळी देऊ नका' असं नकारार्थी बोलू नये म्हणे. 'काही वाटलं तर आम्हाला नक्की कळवा हं' असं बोलावं. तिनं सिस्टरना पुढे बोलावून म्हणायला लावलं. सिस्टर म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला उठून जावंसं वाटत होतं. बिचाऱ्या मुलीचा तरी काय दोष, तिनं आयुष्यात केमोचा पेशंट बघितला नसेल.

सिस्टर गप्प झाल्या. स्टोअरला जायचं नव्हतं त्यांना. "तिथं काय, हातमोज्यांवर ओरडू?" एवढंच माझ्याशी बोलल्या. डे-केअरमध्ये शांतता झाली. माझ्या टेबलावरच्या बाया आता दचकत नव्हत्या. मला बरं वाटायला हवं होतं. पण बाकावरच्या बाया दबल्या आवाजात मला विचारायला लागल्या, सिस्टरची तब्येत बरी नाही का, घरी काही झालं का? एकीनं तर विचारलं, "भाऊ, मन्हा रिपोर्ट वाईट उना का? सिस्टर मन्हासंगे गोड बोली ऱ्हायनी." मी त्यांना काय सांगणार? शिकवणी लागली आहे म्हणून?

सोनाबाईंचा शेवटचा आठवडा राहिला होता. त्याआधीच्या आठवड्याची केमो झाली, शेक झाला, शनिवार-रविवारच्या सुट्टीआधीचा दिवस. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी उतरायला लागल्या होत्या. जाताना सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या. मी दारात होतो, ऐकलं.

"काही वाटलं तर कळवा हं. ताप वगैरे आला तर या."

हसून म्हणाल्या. शिकवल्याप्रमाणे. सोनाबाई थांबल्या, पुढचं काही येईल म्हणून बघत राहिल्या. पुढचं काही आलं नाही. मग त्याही हसल्या आणि मंगलचा हात धरून गेल्या.

शनिवारी संध्याकाळी ताप आला. मंगलनं कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणली. ताप उतरला. रविवारी सकाळी पुन्हा आला, पुन्हा गोळी दिली, पुन्हा उतरला. गोळीनं ताप उतरतो. आत काय चाललंय ते झाकलं जातं एवढंच. सोमवारी शेकाचाच नंबर होता, तेव्हाच दाखवू म्हणून थांबल्या. दवाखाना रिक्षानं पंधरा-वीस मिनिटांवर, चोवीस तास उघडा. सोमवारी रिक्षातून उतरवलं तेव्हा सोनाबाईंचे हातपाय गार होते आणि त्या मंगलला भलत्याच नावानं हाक मारत होत्या.

वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं. सिस्टर स्वतः स्ट्रेचर ढकलत गेल्या. सुई लावली, औषधं सुरू झाली, डॉक्टर धावले. अर्ध्या तासानं सिस्टर खाली आल्या आणि मंगलसमोर उभ्या राहिल्या. खूप हळू विचारलं, "ताप कधीपासून होता?"

"शनवारपासून."

"मग गाडी का नाही केली? रोज म्हणून घेत नव्हते मी तुमच्याकडून?"

मंगल त्यांच्याकडे बघत म्हणाली, "पन या टाईमले तुम्ही वरडन्या नहीत ना सिस्टर. म्हनीसन आमले वाटनं, साधाच ताप शे."

त्यात टोमणा नव्हता. आरोप नव्हता. ती खरं तेच सांगत होती. मी सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघू शकलो नाही, आत जाऊन उगाच मशीनची बटणं बघत बसलो. त्या नाशिकच्या मुलीला, त्या मोबाईलवाल्या भाच्याला, सुपरिंटेंडंट साहेबांना, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना तिथे आणून उभं करावं असं वाटत होतं. पण उभं करून सांगणार काय? प्रत्येकानं आपापल्या परीनं चांगलंच केलं होतं.

सोनाबाई गुरुवारी दुपारी गेल्या. कॅन्सरनं नाही. तो हरत आला होता. तापानं गेल्या.

पुढच्याच आठवड्यात सिस्टर पुन्हा ओरडायला लागल्या, पहिल्याहून मोठ्यानं. महिना संपायच्या आत त्यांना स्टोअरला टाकलं. तिथून त्या निवृत्त होऊन वरणगावला गेल्या. आता डे-केअरमध्ये दोन तरुण सिस्टर आहेत, हुशार आहेत, कामाला चोख आहेत. ताप आला तर काय करायचं याचं रंगीत पोस्टर त्यांनी दारावर लावलं आहे. लोक त्याच्याखाली उभे राहून फोनवर बोलतात.

मी एकदा भुसावळला लग्नाला गेलो होतो तेव्हा वाकडी वाट करून सिस्टरना भेटून आलो. अंगणात बसून त्या शेजारणीला बीपीच्या गोळीवरून झापत होत्या. चहा झाला, गप्पा झाल्या. पण तायडे सिस्टर म्हटलं की मला ते अंगण आठवत नाही. मला आठवतो तो गुरुवार.

दुपारची वेळ, बाकावर बाया पाणी पिऊन बसलेल्या. शववाहिका मागच्या दाराला लागली होती आणि कागद होईपर्यंत मंगलला खाली बसवलं होतं. सोबतचे पुरुष गाडीपाशी होते. सिस्टर जिन्यानं खाली आल्या. मंगल उठली आणि त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"सिस्टर," ती म्हणाली, "आते तरी वरडा ना. मन्हावर वरडा."

बाकावरच्या सगळ्या बाया वर बघायला लागल्या. सिस्टरनी तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसली. आवाज काही आला नाही. पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग ओठ मिटून घेतले आणि हात नुसता वर उचलून तसाच ठेवला, मंगलच्या खांद्यापर्यंत तो गेला नाही.

माझा पुढचा पेशंट टेबलावर झोपलेला होता. मला आत जाऊन दार लावणं भाग होतं. दार जड आहे, हळूहळू लागतं. ते लागेपर्यंत मला दिसत होतं, मंगल तिथेच उभी होती, मान वर करून, सिस्टर काय बोलतात याची वाट बघत.